मी ढग होतो, त्याची हकीकत

मी एक जुना शब्द आहे. शेवटी मला अख्खं आकाश मिळालं. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, सूर्य-चंद्रासह, कायमस्वरूपी. खटला झाला, निकाल लागला, लोकांनी हत्यारं वाजवून मान्यता दिली.

मित्रांनो, वरचा मजकूर तुम्ही वाचलाच नाही असं समजा. तसं काहीही झालेलं नाही. मी ढग आहे. एवढं धरून पुढे चला.

आज मला स्काय म्हणतात. तुम्ही शाळेत मला पाठ करता, 'स्काय म्हणजे आकाश', आणि मी दर वेळी तुमच्या वहीत कूस बदलतो. तुमच्या बाईंना वाटतं शाई पसरली. ती शाई नसते.

माझा जन्म उत्तरेच्या गार मुलखातला. तिथे ओठ शिट्टीसाठी काढावेत तसे काढून मला स्क्यू म्हणत. आमच्या घराण्याचा मूळ धंदा झाकण्याचा. ढग सूर्याला झाकतो, म्हणून मी ढग. संस्कृतात स्कु नावाचा एक धातू आहे, तोही झाकण्याच्याच धंद्यात, आणि तो आमचा लांबचा नातलग असावा असं पंडित सांगतात. आमची कधी गाठ पडली नाही. लग्नकार्यातही नाही. निळ्या भागाशी तर माझा काडीचा संबंध नव्हता. त्यासाठी दुसरा शब्द नेमलेला होता. तो त्याच्या कामात असे, मी माझ्या.

मराठीत माझा एक समदुःखी आहे, आभाळ. त्याचं मूळ घराणं अभ्र, म्हणजे ढगच. पण आता बघा, 'आभाळ भरून आलंय' म्हटलं की तो ढग असतो, आणि 'आभाळ ठेंगणं झालं' म्हटलं की आकाश. एकाच माणसाने सकाळी पोस्टमन आणि दुपारी पोस्ट ऑफिस व्हावं तसं. तो हसतमुख आहे, त्याला चालतं. मला चालत नाही. पण त्याच्यामुळे माझं दुःख तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून या हकीकतीत लोक जिथे माझं नाव घेतील, तिथे मी आभाळ असं लिहिलं आहे. खुर्ची त्याची आहे. बसलोय मी.

समुद्र ओलांडून मी इंग्लंडच्या उत्तरेला आलो तो एका बाईच्या तोंडातून. होडीत तिने वाटभर माझंच नाव घेतलं, कारण वाटभर ढगच होते. शब्दाला एवढं काम एका दमात क्वचित मिळतं. मी खूश होतो. पुढे तिने मला आपल्या सुनेला दिलं. ही सून म्हणजे गुन्वर. माझ्या आयुष्यात मला सर्वांत नीट कुणी वापरलं असेल तर तिने. मला उगाच कुठेही फेकायची नाही. आधी वर बघायची, ढगाची जात ओळखायची, मग मला तोंडाबाहेर काढायची. चांगल्या घरात चांदीचं भांडं काढतात तशी.

आम्ही राहिलो त्या दरीत दोन तऱ्हेचे लोक होते. एक आमचे, उत्तरेकडून आलेले, आणि दुसरे आधीपासूनचे इंग्रज. दोघांच्या बोलीतलं निम्मं एकमेकांना कळे. उरलेलं निम्मं कळल्यासारखं दाखवायची पद्धत होती. एवढ्या भांडवलावर लग्नं होत, जमिनींची देवघेव होई, आणि फारशी कुणाची तक्रार नसे. आमच्याकडे घट्ट दह्याला स्किर म्हणत, कानाला जवळजवळ माझ्यासारखंच. एका इंग्रज सुनेने सासूला सांगितलं की गाडग्यात ढग छान लागलाय. सासू बघून आली आणि म्हणाली, "जरा आंबट आहे."

गुन्वरचा मुलगा ओर्म. दांडगा गडी, पण बोलण्यात इतका काटकसरी की 'हो' म्हणायचं असेल तर मान हलवी आणि 'नाही' म्हणायचं असेल तर निघून जाई. तो एका इंग्रज मुलीच्या प्रेमात पडला, आणि माझ्या बरबादीला तिथून सुरुवात झाली.

दोघं टेकडीवर बसली होती. पोरीने वर बोट केलं आणि विचारलं, "तुमच्यात याला काय म्हणतात?"

ओर्मने वर पाहिलं. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करडे ढग. तो म्हणाला, "आभाळ."

तिने बोट दाखवलं होतं आकाशाकडे. त्याने पाहिले ढग. मी खरं सांगतो, दोघांचीही चूक नव्हती. त्या दरीत आकाश बघायचं तर ढगच बघावे लागत. ढग तिथे पाहुण्यासारखे येत नसत, घरजावयासारखे राहत.

लग्न झालं. वर्षाकाठी चार-पाच दिवस लख्ख उघडीप पडे. अशाच एका दिवशी नवी सून दारात उभी राहून म्हणाली, "काय निळंशार आभाळ आहे!"

मी तिच्या जिभेवर होतो. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

गुन्वर म्हणाली, "सूनबाई, ते आभाळ नव्हे. आभाळ गेलंय, म्हणून तर निळं दिसतंय."

"मग ते जे आहे ते काय?"

"ते काही नाही. रिकामी जागा."

ओर्म जोडे चढवत होता. खाली मान घालूनच तो म्हणाला, "रिकाम्या जागेला म्हणू दे ना तिला आभाळ. रिकामीच तर आहे."

हे त्याचं त्या वर्षातलं सर्वांत लांब बोलणं होतं. गुन्वरने त्यानंतर सुनेला कधी सुधारलं नाही. पाच वर्षांनी सून तापाने गेली. तिची शाल शेजारणीने नेली, तिची सूत कातायची चाती तिच्या बहिणीने नेली. तिचा चुकीचा अर्थ मात्र कुणी नेला नाही. तो घरातच पडून राहिला. कुठे, ते मला माहीत होतं. ओर्मला माहीत नव्हतं.

ही जी बहीण, तिचं नाव लिओफ्रुन. ओढ्यापलीकडे राहायची. एका वसंतात ओढ्याला लोंढा आला. त्याने तिचा नवरा नेला आणि तिच्या चरणीच्या रानावर गुडघाभर दगडगोटे आणून टाकले. उरल्या अकरा मेंढ्या आणि दोन लहान मुली. तीन आठवड्यांनी ती ओर्मच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, अकरा तोंडं आहेत. कुठे नेऊ?"

ओर्मचं एक कुरण ओढ्याकाठी होतं. जमीन ओली असली की तिथे गाई सोडता येत नसत, खुरांनी राबडा करून ठेवत. मेंढ्या हलक्या, त्यांना चाले. ओर्मने वर ढगांकडे पाहिलं.

"आभाळ आहे तोवर माझ्या कुरणात चारत जा."

"वर आभाळ आहे तोवर?"

"तोवर."

गुन्वरच्या साक्षीने दोघांनी कुंपणावरून हात मिळवले. मराठीत याला शब्द देणे म्हणतात हे मला फार नंतर कळलं. माझ्या बाबतीत ते अगदी अक्षरशः झालं. मला देऊन टाकण्यात आलं, आणि घेणारीने मला उलटून पाहिलं नाही. असं मला तेव्हा वाटलं.

नऊ आठवडे ढग हलले नाहीत. मेंढ्या गुबगुबीत झाल्या. दहाव्या आठवड्यात एका सकाळी वर एकही ढग नव्हता. लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. एका म्हाताऱ्याने हे शुभ की अशुभ असं विचारलं. ओर्मने तीन दिवस जमीन सुकू दिली, आणि चौथ्या दिवशी गाई घेऊन कुरणाच्या फाटकाशी आला.

"मेंढ्या काढ."

"का?"

"आभाळ गेलं."

लिओफ्रुनने वर पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. मग वाकून मेंढीच्या पोटाखाली पाहिलं. "कुठे गेलं? आहे की इथेच. केवढं मोठं आहे!"

"ते नव्हे."

"मग कुठलं? दुसरं ठेवलंय का घरात?"

"आभाळ म्हणजे ढग."

"माझी ताई याला आभाळ म्हणायची, भावजी. तुमच्याच घरात शिकली."

ओर्म यावर निघून गेला. म्हणजे 'नाही'. गाई मात्र फाटकाशीच उभ्या राहिल्या, कारण त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

कुरण गेलं तर लिओफ्रुनला मेंढ्या विकाव्या लागणार होत्या, मुलींना घेऊन दक्षिणेला कुणाच्या तरी मोठ्या घरी दळण दळायला जावं लागणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. ओर्मलाही. पण त्याच्या गाईंना उन्हाळी चरण दुसरं नव्हतं, आणि शिवाय व्याकरण त्याच्या बाजूने होतं. माणूस व्याकरणाच्या जोरावर फार कठोर होऊ शकतो, मित्रांनो. मी जवळून पाहिलंय.

प्रकरण थिंगपुढे गेलं. थिंग म्हणजे आमच्या लोकांची गावसभा, एका उंचवट्यावर भरायची. कायदा लिहिलेला नव्हता. तो हाल्वार नावाच्या एका वृद्ध गृहस्थाला पाठ होता. हाल्वारला ताप आला की दरीत कायदा नसे.

हाल्वारने आधी दोघांना शपथा घ्यायला लावल्या. ओर्म म्हणाला, "मी म्हणालो, आभाळ आहे तोवर." लिओफ्रुन म्हणाली, "जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगते. ते म्हणाले, आभाळ आहे तोवर."

हाल्वारने दाढी कुरवाळली. "मग भांडण कशाचं? दोघं एकच सांगताहेत."

"अर्थाचं, काका," ओर्म म्हणाला.

"अर्थ कायद्यात येत नाही. कायद्यात काय म्हणाला ते येतं."

सभेत कुजबुज झाली. बारा पंच होते. हाल्वारने एकेकाला विचारलं, आभाळ म्हणजे काय? सहा म्हणाले ढग. पाच म्हणाले हे आपल्या डोक्यावरचं. बारावा म्हणाला दही. त्याला खाली बसवण्यात आलं.

मी तिथे सगळ्यांच्या तोंडात एकाच वेळी होतो. ती अवस्था मी शत्रूवरही येऊ देणार नाही. या तोंडात ओला, त्या तोंडात निळा. मला घाम फुटला असता, पण तो कुठल्या अर्थाने फोडायचा ते ठरेना.

मग हाल्वारने गुन्वरला पुढे बोलावलं. काठी टेकत ती उभी राहिली.

"आजीबाई, हा शब्द तुमच्या घरात कुठून आला?"

"सासूबाईंनी आणला. समुद्रापलीकडून. मध्ये भेसळ नाही."

"काय अर्थ?"

गुन्वरने लिओफ्रुनकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ढग. दुसरा काही नाही."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण. भर सभेत, शपथेवर, मी ढग ठरलो. सहा पंचांनी माना डोलावल्या. दह्याच्या पंचाने मत बदललं आणि तोही ढगाच्या बाजूला आला. हाल्वारने निकाल देण्यासाठी घसा खाकरला. लिओफ्रुनने थोरल्या मुलीचा हात घट्ट धरला. कुरण गेलं होतं.

त्या दिवशी ऊन कडक होतं. असल्या उन्हाची ओर्मला सवय नव्हती. जिंकल्याच्या समाधानात त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, वर पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी विचारलेलं नसताना, एक वाक्य बोलला.

"काय निळंशार आभाळ आहे!"

मला दातांमागे थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. तोंडात बसून राहणं माझ्या स्वभावातच नाही. आणि खरं सांगायचं तर ते ओर्मचं बोलणं नव्हतंच. दारात उभ्या राहिलेल्या सुनेचं होतं. इतकी वर्षं ते तिथे, त्याच्या जिभेखाली, पडून होतं.

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. एक मेंढी शिंकली.

"निळंशार?" लिओफ्रुन हळूच म्हणाली. "भावजी, ढग निळा कधीपासून?"

ओर्मचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आपण कुणाच्या आवाजात बोललो ते त्याला तेव्हा कळलं. टोपी डोक्यावर घालायचं सोडून ती दोन्ही हातांत धरून उभा राहिला, दफनाला उभं राहतात तसा.

"ज्याचा अर्थ तुझ्या तोंडात टिकला नाही," हाल्वार म्हणाला, "तो माझ्या कायद्यात कसा टिकेल? आभाळ वर आहे. कुरण बाईचं."

लोकांनी होकारासाठी हत्यारं वाजवली. ज्यांच्याकडे हत्यारं नव्हती त्यांनी दाताळी वाजवली. एकाने सोबत आणलेलं ताक वाजवून पाहिलं, ते सांडलं.

अशा रीतीने मला आकाश मिळालं. मी सुरुवातीला म्हणालो होतो की असं काही झालेलं नाही. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

पुढची दोन वर्षं ओर्मला चिडवायला लोकांनी मला वापरलं. तो दिसला की कुणीतरी वर बघून म्हणे, "काय ओर्मराव, आभाळ आहे ना जागेवर? गेलं असलं तर सांगा, मेंढ्या काढायला." माणसं चेष्टेत जे रोज बोलतात ते तिसऱ्या वर्षी भाषा होतं. पंडितांना विचाराल तर ते म्हणतील, असं एका दरीत होत नाही, त्याला दोन-तीनशे वर्षं लागतात. लागली असतील. मी मोजत नव्हतो, मी त्यात होतो.

मी वर गेल्यावर खाली काय गोंधळ झाला तेही ऐका. आकाशासाठी इंग्रजांचा जुना घरंदाज शब्द होता, हेवन. मी आल्यावर त्याला हळूहळू देवाघरी पाठवलं. म्हणजे वारला नाही, तिथेच नोकरीला आहे. इंग्रजांचा ढगासाठी वेल्कन नावाचा शब्द होता. तोही माझ्यासारखाच बढती मिळून आकाश झाला, मग कवितेत निवृत्त झाला. आता आकाश तीन आणि ढग कुणीच नाही. मग ढगाची जागा भरायला क्लूड नावाच्या शब्दाला उचललं. क्लूड म्हणजे काय? खडक. डोंगरावरचा धोंडा. त्याला उचलून वर टांगलं. आज तुम्ही ज्याला क्लाउड म्हणता तो मुळात दगड आहे, मित्रांनो. माझ्या जागेवर दगड बसवला. यापेक्षा जास्त मी बोलत नाही. पुढच्या वेळी पावसात उभे राहाल तेव्हा फक्त डोकं सांभाळा.

पण मी गोष्ट अर्धी टाकून पुढे पळालो. तिसऱ्या उन्हाळ्याकडे परत चला.

ओर्मने घरामागच्या रानात गवत कापून वाळत घातलं होतं. कुरण हातचं गेल्यामुळे हिवाळ्याची सगळी मदार याच गवतावर. ते भिजलं असतं तर गाई वसंत बघणार नव्हत्या. दुपार होती. ओर्म पश्चिमेला पाठ करून दाताळ्याने गवत उलटत होता. डोक्यावर लख्ख निळं. गुन्वर दारात बाकावर बसली होती, तोंड पश्चिमेकडे.

"ओर्म!" ती ओरडली. "आभाळ!"

"हो, आई."

"अरे, आभाळ! बघ!"

"बघतोय, आई. छान आहे."

"छान काय, गाढवा! आभाळ!"

शेजारचे दोघे-तिघे हसले. म्हातारीला आभाळाचं फार कौतुक, असं एक जण म्हणाला. मी गुन्वरच्या तोंडातून जीव तोडून धावत होतो आणि त्यांच्या कानांत शिरता शिरता निळा होत होतो. मी ढग म्हणून निघायचो आणि कौतुक म्हणून पोचायचो. मित्रांनो, एवढा निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

ओढ्यापलीकडच्या कुरणात लिओफ्रुन मेंढीच्या पायातला काटा काढत होती. चौथी हाक तिच्यापर्यंत गेली. ती ताठ उभी राहिली. तिने वर पाहिलं नाही. तिने सरळ पश्चिमेकडे पाहिलं.

मग तिने मेंढी सोडली, घागरा खोचला आणि ओढ्यातून धावत सुटली.

"भावजी! ढीग घाला! पाऊस!"

"कुठाय पाऊस? वर आभाळ आहे."

"तेच ओरडतेय म्हातारी! आभाळ! मागे बघा!"

ओर्म मागे वळला. डोंगराच्या माथ्यावरून काळाकुट्ट ढग उतरत होता, गुन्वर ज्याला मनापासून माझं नाव देई अगदी तसा. लिओफ्रुनने त्याच्या हातातलं दाताळं हिसकावलं. हसणारे शेजारी हसायचे थांबले आणि तेही धावले. दोन तृतीयांश गवत गोठ्यात गेलं. उरलेल्यावर पाऊस असा कोसळला की जणू खरोखरच दगड पडताहेत.

शेजारी घरी पळाले. तिघं गोठ्यात बसली, ओली चिंब. गाई त्यांच्याकडे बघत होत्या. ओर्म म्हणाला, "लिओफ्रुन."

"काय?"

"आभाळ म्हणजे ढग, हे तुला माहीत होतं."

ती डोक्यावरचं फडकं पिळत होती. ते पिळून कोरडं झालं तरी पिळत राहिली.

"कुंपणापाशी उभी होतीस तेव्हाही?"

"भावजी, तीन आठवडे झाले होते त्यांना जाऊन. तुम्ही म्हणालात, आभाळ आहे तोवर. मला दोन्ही अर्थ ऐकू आले." तिने फडकं खांद्यावर टाकलं. "मी मोठा घेतला."

पावसाचा आवाज होता. गुन्वर खोकल्यासारखं काहीतरी करत होती. ते हसणं होतं.

"मीही तोच घेतला असता," ती म्हणाली.

"आई, हिने थिंगपुढे शपथ घेतली!"

"घेतली. ऐकलं ते शब्दाला शब्द सांगते म्हणाली. अर्थाला अर्थ सांगते असं कुठे म्हणाली? आणि आता जाऊन काय सांगणार आहेस हाल्वारला? हिने माझं गवत वाचवलं, त्यावरून ही लबाड आहे हे सिद्ध होतं?"

ओर्मने बराच विचार केला. लिओफ्रुन त्याच्याकडे बघत होती. कुरण पुन्हा त्याच्या हातात होतं. एकदा थिंगपुढे जायचा अवकाश.

"जाणार का, भावजी?"

"पाऊस थांबला की बघू," ओर्म म्हणाला.

मित्रांनो, त्या दरीत पाऊस थांबल्याची नोंद नाही.

मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे. जो माझ्या मूळ अर्थासाठी भांडला त्याच ओर्मला मी भर सभेत दगा दिला, हे खरं. पण त्याच चुकीने अकरा मेंढ्या आणि दोन मुली दरीत राहिल्या, हेही खरं. आणि दरीत राहिल्या म्हणून गवत वाचलं. यात मी चांगला की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शब्दाला एका अर्थात झोप येते. माझी कूस बदलणं चालूच आहे.

पुढच्या वर्षी गुन्वर गेली. मला ढग म्हणून वापरणारं दरीतलं शेवटचं तोंड. दोन दिवस ती काही बोलली नव्हती. लिओफ्रुन उशाशी बसली होती, ओर्म उंबऱ्यावर. दार उघडं होतं. बाहेर चक्क निळं होतं. त्यात एका कोपऱ्यात पांढरं असं काहीतरी, पिंजलेल्या लोकरीच्या बोटभर पेळूएवढं.

गुन्वरचे ओठ हलले. मी निघालो. हळूच, जपून, चांदीचं भांडं काढतात तसा.

"आभाळ," ती म्हणाली.

ओर्मने वर पाहिलं आणि 'हो आई' म्हणायला तोंड उघडलं. लिओफ्रुनने हाताने त्याला थांबवलं. मग म्हातारीच्या कानाशी वाकून म्हणाली, "हो, आजी. एकच आहे. लहानसं."

एकच. लहानसं. आकाशाला असं कुणी म्हणत नाही, मित्रांनो. ते मोजता येत नाही. मी त्या क्षणी शेवटचा ढग होतो, आणि दोघींना ते माहीत होतं.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती. शब्द वापरून झाला की जागच्या जागी ठेवत जा. आणि म्हातारं माणूस एकच शब्द चौथ्यांदा ओरडलं, तर वर बघू नका, ते जिकडे बघतंय तिकडे बघा. बाकी माझं जे काही आहे ते योग्य त्या मार्गाने वर कळवत आहे. वरही मीच आहे ही अडचण आहे, पण पद्धत पाळलेली बरी.

प्रति,
मा. प्रमुख,
समस्त शब्दकोश व अर्थवाटप विभाग.

विषय: एक लहानसा ढग परत मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार हा सुमारे हजार वर्षांपासून आकाश या पदावर कार्यरत असून सदर बढती अर्जदाराने मागितलेली नव्हती. अर्जदाराच्या मूळ पदावर सध्या एक दगड काम पाहत असून त्याच्याविषयी अर्जदाराची वैयक्तिक तक्रार नाही. अर्जदारास संपूर्ण ढगमंडळ परत नको आहे. तरी कृपावंत होऊन, एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट दारातून दिसलेला, पांढऱ्या रंगाचा, अंदाजे एका पेळूएवढा फक्त एक ढग अर्जदाराच्या नावे पूर्ववत करून द्यावा, ही नम्र विनंती.

सोबत साक्षीदारांची नावे जोडली आहेत. दोन्ही साक्षीदार हयात नाहीत.

कळावे,
आपला, सध्या निळा,
स्काय